पाव्हणं, कंच्या गावचं?

मंडळी, बटाटेवडे यायच्या आत बोलून घेतो, नंतर माझं कोणी ऐकणार नाही, मीपण नाही.

मे महिन्यात इथून भारतात, परळला बाबांकडे गेलो होतो. गॅलरीत चहा चाललेला आणि बाबांची नेहमीची टेप सुरू, हे परप्रांतीय, दादर स्टेशनबाहेर पाय ठेवायला जागा नाही वगैरे वगैरे, मीपण आपला मान डोलावतोय, तेवढ्यात लेक म्हणाली, "आजोबा, तुम्ही झेनोफोबिक आहात का?" शाळेत नुकताच शिकलेला शब्द. बाबांना वाटलं काहीतरी आजार आहे. म्हणाले, "नाही गं, फक्त शुगर आहे."

हसलो सगळे. मग मी शहाणपणा केला. म्हटलं बाळा, तो शब्द परदेशी लोकांच्या द्वेषाला वापरतात, हे तर आपल्याच देशातले, टेक्निकली लागू नाही. तर म्हणते, "मग बसस्टॉपवर आपल्याला 'गो बॅक' म्हणाला तो माणूस टेक्निकली बरोबर?"

उत्तर अजून सुचलेलं नाही.

परत आल्यावर डिक्शनरी काढून बसलो. २०१६ साली डिक्शनरी डॉट कॉमने हाच वर्षाचा शब्द निवडला होता, म्हणजे शोधणारा मी एकटा नाही. शब्द आलाय ग्रीकवरून, फोबोस म्हणजे भीती आणि झेनोस म्हणजे परका, पण गंमत अशी की त्याच झेनोसचा दुसरा अर्थ पाहुणा! आता आमच्या साताऱ्याकडे काय करतात, एसटीतून कोणीही अनोळखी उतरला की पारावरून हाक येते, "काय पाव्हणं, कंच्या गावचं?" तेच की हे.

आणि बाबा स्वतः गिरणीत लागले तेव्हा एका खोलीत वीस जण पाळ्या लावून झोपायचे, सगळे गावाकडून आलेले, खानावळीत जेवणारे. उपरेच की हो. हे मी त्यांना बोललो नाही, तेवढी छाती नाही.

आपलं तरी काय? गेल्या गणपतीत आरतीला एक अनोळखी माणूस येऊन उभा राहिला, हॉलभर कुजबुज, "हा कोणाबरोबर आलाय?" प्रसाद कोणी पुढे केला नाही. पहिली कुजबुज माझीच होती, बायको साक्षीदार आहे.

असो. बाबांचा व्हिसा आलाय, पुढच्या महिन्यात येतायत. लेंगा-सदऱ्यात रोज संध्याकाळी एकटेच चक्कर मारायची सवय आहे त्यांना, आणि रस्त्यात भेटेल त्याला थांबवून गाव विचारतात.