कुतच्या शिपायाचा चेहरा रंगवताना

मंडळी, टेबलावर हा जो वीतभरही नसलेला अर्धपुतळा ठेवलाय, तो 1916 सालच्या मराठा शिपायाचा आहे. प्रमाण एकास दहा. म्हणजे अख्खा चेहरा दोन-सव्वादोन सेंटिमीटरचा, डोळा तीन मिलिमीटरचा आणि बुबुळ जेमतेम एक मिलिमीटरचं. डब्यातून निघतो तेव्हा हा रेझिनचा नुसता राखाडी तुकडा असतो. रोज रात्री जेवणं झाल्यावर तासभर बसून मला तो पुरा करायला अडीच महिने लागले.

हा शिपाई कुठे होता ते आधी सांगतो, कारण रंग त्यावरून ठरतात. पहिल्या महायुद्धात आपली सहावी पुणे डिव्हिजन नोव्हेंबर 1914 मध्ये इराणच्या आखाताच्या टोकाला उतरली. वर्षभर नदीकाठाने वर सरकत ती बगदादच्या जवळ पोचली, टेसिफॉनला तिची गती खुंटली, आणि मागे फिरून तैग्रिस नदीच्या वळणावरच्या, आजच्या इराकमधल्या कुत गावात तुर्की फौजेने तिला कोंडलं. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 असा तो वेढा चालला. आत तीन मराठा पलटणी होत्या: 103, 110 आणि 117. धान्य आटत गेलं तसे घोडे कापायला लागले. आपल्यातल्या कितीतरी शिपायांनी ते मांस बरेच दिवस तोंडात घेतलं नाही. भाजीपाला नाहीच. हिरड्या सुजल्या, अंगातलं बळ गेलं. शेवटी सुमारे 13,000 जण कैद झाले आणि त्यातले हजारो परत आलेच नाहीत. आपल्याकडे काही गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीवर एक पांढरी फरशी दिसते, या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, इतके कामी आले, असं लिहिलेली. फरशीवर आकडा असतो, चेहरा नसतो. म्हणून मी हा पुतळा हातात घेतला.

पहिल्या वेळी चुकलो. दुकानातून ‘फ्लेश’, म्हणजे कातडीचा रंग, असं लिहिलेली बाटली आणली आणि तोच रंग दिला. साताऱ्याहून आत्या आली होती. तिने चष्मा लावून पुतळा उजेडात धरला आणि म्हणाली, “अरे, हा आपल्यातला कुठं वाटतोय? साहेब दिसतोय.” तिचं बरोबर होतं. त्या बाटलीतला रंग युरोपातल्या गुलाबी कातडीचा. त्यात तपकिरी मिसळून भागत नाही. मिसळलं की चेहरा मातकट आणि निर्जीव दिसतो. मी जवळजवळ सगळा रंग उतरवला आणि महिनाभर ब्रशला हात न लावता नुसती माणसं पाहिली. एसटी स्टँडवर, बाजारात, शेताच्या बांधावर.

तेव्हा कळलं की सावळ्या कातडीत पिवडी, म्हणजे पिवळ्या मातीचा रंग, आणि हुरमुंजी सतत एकमेकींशी बोलत असतात. हुरमुंजी हा आपल्याकडचा जुना शब्द, तो लाल मातीचा रंग; हे नाव होर्मुझवरून पडलं. मुंबईहून बसऱ्याला जाणारी या शिपायांची जहाजं त्याच होर्मुझवरून गेली. हे लक्षात आलं त्या रात्री मी बराच वेळ ती रंगाची बाटली हातात धरून बसलो होतो.

तर आता कृती. साच्याची रेघ पॉलिश पेपरने घासायची, साबणाच्या पाण्याने धुवायचं, काळा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, मारायचा आणि वाळल्यावर फक्त वरून पांढऱ्याचा फवारा. एवढ्यानेच ऊन कुठे पडतं आणि सावली कुठे बसते ते समजतं. मग डोळे. डोळे आधीच करावेत. रंग बाहेर गेला तर कातडीच्या रंगात झाकता येतो. पांढरा भाग पांढराशुभ्र ठेवायचा नाही, त्यात थोडी पिवडी आणि राखाडी हवी. बुबुळाचा वरचा कड पापणीखाली जायलाच हवा, नाहीतर माणूस दचकल्यासारखा दिसतो.

कातडीला रंगाचे हात दुधासारखे पातळ. मी पंचवीस-तीस दिले असतील, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. सावलीत काळा अजिबात घालत नाही. हुरमुंजीत निळ्याचा थेंब घालतो. उजेडाच्या जागी पांढराही नको, पिवडी वाढवायची. आणि इथे जवळून बघा, फेट्याच्या काठाखाली कपाळाची एक बारीक पट्टी जरा उजळ आहे. दिवसभर फेटा बांधणाऱ्या माणसाचं तेवढंच कपाळ उन्हापासून वाचतं. गालांवर मात्र मी नेहमीची लाली दिली नाही. चार महिने उपाशी माणसाच्या गालावर ती कुठून येणार? तिथे फिकट पिवळसर हात दिला, आणि डोळ्यांखाली अगदी पातळ जांभळट.

खाकीबद्दल थोडक्यात. खाक म्हणजे धूळ. त्यामुळे ती एका बाटलीतून येत नाही. खांद्यावर उन्हाने विटलेली, गळ्याशी घामाने काळवंडलेली, घडीत अजून हिरवट. चामड्याच्या पट्ट्यावर काठाकाठाने ओरखडे काढले, कारण तिथेच तो झिजतो. चिखल मात्र मी दोनदा पुसला. तैग्रिसचा गाळ वाळला की फिकट राखी होतो, आपल्या काळ्या रानातल्यासारखा दिसत नाही.

आता पुतळा हातोहात फिरवतो. खालच्या लाकडी बैठकीला धरा, फेट्याला नको. तिथला वॉर्निश परवाच मारलाय. खिडकीशी नेऊन डाव्या कानामागे बघा. तिथे पहिल्या वेळचा गुलाबी रंग ठिपक्याएवढा राहिलाय, तो मी मुद्दाम ठेवला आहे.