जॅकेट आतून धुवा : बीसीडीची घरच्या घरी देखभाल आणि दुरुस्ती

(स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मालवण-तारकर्ली असो, गोव्याचं ग्रँड आयलंड असो की कर्नाटकातलं नेत्राणी, बोटीवरून उतरल्यावर आपण सगळे एकच करतो. बीसीडीवर, म्हणजे हवा भरून-सोडून पाण्यात वर-खाली होणं सांभाळणाऱ्या जॅकेटवर, दोन तांबे गोडं पाणी ओततो, दोरीवर टाकतो आणि जेवायला जातो. त्यानं बाहेरचं मीठ निघतं, आतलं तसंच राहतं. बीसीडीच्या बऱ्याच तक्रारी या आतल्या मिठातून सुरू होतात, म्हणून आज दुरुस्तीच्या आधी धुण्याबद्दल बोलू.

पाणी आत जातं कसं? खाली हवा सोडताना आपण डिफ्लेटचं बटण दाबतो. हवा संपली तरी बोट बटणावरच राहिलं, की त्याच वाटेनं समुद्र आत येतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. अर्धा लिटर पाणी ब्लॅडरमध्ये, म्हणजे जॅकेटच्या हवेच्या पिशवीत, राहिलं आणि वाळलं, तर सतरा-अठरा ग्रॅम खडे आत उरले. ब्लॅडर म्हणजे नायलॉनचं कापड आणि त्याच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ थर. जॅकेटची घडी पडते तिथं हे टोकदार स्फटिक तो थर घासत राहतात आणि सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. काही खडे व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे मिटताना तो टेकतो त्या कडेवर, जाऊन बसतात, मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही.

धुण्याची रीत अशी. तोंडाने फुंकायची नळी वर धरा, डिफ्लेटचं बटण दाबून ठेवा आणि तिथून नळाचं पाणी सोडा. ब्लॅडरचा एक तृतीयांश भाग भरला पाहिजे, मध्यम मापाच्या जॅकेटला चार-पाच लिटर लागतात. कोमट पाणी उत्तम, पण ५० अंशांच्या पुढं नको. मग तोंडाने फुंकून जॅकेट फुगवा आणि मिनिटभर उलटंसुलटं करून घुसळा. पाणी काढताना अर्धं इन्फ्लेटरच्या, म्हणजे हवा भरायच्या-सोडायच्या बटणांच्या, नळीतून काढा, उरलेलं खांद्याच्या आणि मागच्या डंप व्हॉल्व्हमधून, म्हणजे दोरी ओढून हवा झटकन सोडायच्या झडपांमधून. प्रत्येक व्हॉल्व्हमधून पाणी गेलं पाहिजे, कारण त्यांच्या सीटही धुवायच्या आहेत. हे सगळं दोनदा, आणि हंगामातल्या शेवटच्या डाइव्हनंतर तीनदा. मीठ गेलं का ते पाहायचं असेल, तर शेवटच्या पाण्याचा एक थेंब आणि शेजारी नळाचा एक थेंब स्टीलच्या ताटलीवर वाळू द्या. दोन्ही डाग सारखे दिसले की झालं. नुसत्या एका डागावर विसंबू नका, विहिरीचं जड पाणीही पांढरं कडं सोडतं.

स्विमिंग पूलमध्ये वापरलेलं जॅकेटही असंच धुवायचं, क्लोरीन कापडाचा रंग आणि ताकद दोन्ही खातं. जंतुनाशक वापरायचं तर डायव्हिंगच्या सामानासाठी बनवलेलं आणि बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच. ब्लीच, फिनेल, डेटॉल यातलं काही आत ओतू नका. आणि ब्लॅडरमधली हवा कधीही श्वासात घेऊ नका, आत बुरशी असू शकते.

वाळवताना जॅकेट दोन तृतीयांश फुगवून सावलीत टांगा. दुसऱ्या दिवशी खालचा डंप परत उघडा. कडेला चिकटलेले थेंब रात्रीतून खाली जमतात आणि चांगलं चमचा-दोन चमचे पाणी निघतं.

आता गळती. इथं एक शिस्त पाळायची : गळती कुठं आहे ते कळेपर्यंत एकही स्क्रू सोडायचा नाही. जॅकेट फुगवत जा, प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह आपणहून सुटून हवा फस्सकन बाहेर पडेल तिथं थांबा आणि अर्धा तास ठेवा. मग रात्रभर. इथं बरेचजण फसतात. दुपारी टणक असलेलं जॅकेट पहाटे मऊ लागलं, की गळतंय असा निकाल लगेच लागतो. पण ब्लॅडरमधला जादा दाब असतो जेमतेम ०.१ बार, म्हणजे वातावरणाचा धरून एकूण १.१ बार. तापमान १० अंशांनी उतरलं की हा एकूण दाब सुमारे तीन टक्क्यांनी घटतो, म्हणजे ०.०३५ बार. जादा दाबाचा तिसरा हिस्सा गेला, आणि भोक एकही नाही! म्हणून चाचणी बंद खोलीत करा आणि दोन्ही वेळा तापमान सारखं असताना हात लावून पाहा.

खरंच गळत असेल तर फुगवलेलं जॅकेट टबात बुडवा, नाहीतर साबणाचं पाणी ब्रशनं लावा. क्रम ठरवून तपासा : आधी डंप व्हॉल्व्ह, मग नळी खांद्याला जोडते तो एल्बो, मग नळीच्या दोन्ही टोकांचे झिप टाय, मग नळीच्या चुण्या ताणून त्यांच्या आतल्या भेगा, मग इन्फ्लेटर, आणि सगळ्यात शेवटी कापड. कापडाला भोक क्वचितच असतं, पण लोक चिकटपदार्थाची ट्यूब घेऊन सुरुवात तिथूनच करतात.

डंप व्हॉल्व्हमधून बारीक बुडबुडे येत असतील, तर पहिला संशय वाळूच्या कणावर घ्या. झाकण हातानेच उघडा, पक्कड लावू नका. आटे प्लास्टिकचे आहेत. जॅकेट रिकामं ठेवा आणि खाली पांढरा टॉवेल अंथरा, कारण आत स्प्रिंग आहे, ती उडाली की गच्चीच्या कोपऱ्यात सापडते. स्प्रिंगखाली सिलिकॉनची गोल चकती दिसेल. ती उजेडाकडं धरा. कडेला चीर नसेल आणि ती वाकडी झाली नसेल, तर कोमट पाण्यात बोटाने चोळून धुवा. ज्या कडेवर ती बसते ती कानकाडीने, म्हणजे कापसाच्या काडीने, पुसा. तिथं ग्रीस लावू नका. ग्रीसला वाळू चिकटते आणि आठवड्यात परत तीच गळती. बसवताना झाकण आधी उलट दिशेनं हळू फिरवा, आटा खटकन खाली बसेल, मग सरळ फिरवा. हातानं घट्ट झालं की पुरे. दोरी ओढून पाहा : चकती सहज उचलली गेली पाहिजे आणि सोडताच परत बसली पाहिजे.

इन्फ्लेटरचा बिघाड मात्र वेगळ्या जातीचा आहे. जॅकेट हळूहळू रिकामं होणं ही गैरसोय, आपोआप भरत जाणं हा जिवाचा धोका. १० मीटरवर दाब २ बार असतो. तिथली एक लिटर हवा पृष्ठभागावर दोन लिटर होते, म्हणजे वर जाताना वेग आणखी वाढतो, आणि पुढं फुप्फुसं फाटण्याचा व डीकम्प्रेशन सिकनेसचा धोका. पाण्यात असं झालं तर आधी होज, म्हणजे इन्फ्लेटरला टाकीची हवा आणणारी नळी, काढा आणि डंप उघडा. म्हणून होजची कपलिंग, म्हणजे तिचा जोड, ओल्या हाताने, ग्लोव्ह घालून, न बघता सुटते का हे घरी करून पाहा. मीठ धरलेली कपलिंग नेमकी त्याच वेळी अडते.

घरची चाचणी सोपी. जॅकेट पूर्ण रिकामं करा, टाकी उघडून होज लावा आणि दहा मिनिटं हात लावू नका. जॅकेट फुगू लागलं तर दोष तीनपैकी एक. बटणाच्या दांड्याशी मीठ असेल, तर इन्फ्लेटर तासभर कोमट पाण्यात भिजवा, बटणं दाबत राहा, आणि नंतर हवा सोडून आतलं पाणी उडवून लावा. आतला व्हॉल्व्ह कोअर झिजला असेल, तर तो बदलावा लागेल. अनेक इन्फ्लेटरमध्ये हा कोअर थेट गाडीच्या टायरमधल्यासारखा दिसतो, म्हणून टायरवाल्याकडचा बसवायचा मोह होतो. तो आवरा. पिनची लांबी, स्प्रिंग, सीलचं रबर यातलं काही जुळेलच असं नाही, आणि पिन किंचित लांब निघाली तरी बटण न दाबताच व्हॉल्व्ह उघडा राहील. त्या मॉडेलचं किटच आणा.

तिसरी शक्यता जॅकेटची नाहीच. फर्स्ट स्टेजमधून, म्हणजे रेग्युलेटरच्या टाकीवर बसणाऱ्या भागातून, येणारा मधला दाब सहसा ९ ते १० बार असतो. तो स्थिर न राहता वर सरकत असेल तर चांगला इन्फ्लेटरही हवा रोखू शकत नाही. इन्फ्लेटरच्या होजला लागणारा छोटा गेज मिळतो, तो जवळ असावा. काटा चढत राहिला तर रेग्युलेटर सर्व्हिसला द्या. फर्स्ट स्टेज घरी उघडायची नाही. ज्या इन्फ्लेटरमध्येच पर्यायी सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायचा भाग, आहे, तोही नाही. आणि होज काढल्यावर होजच्याच टोकातून हवा येत असेल, तर इन्फ्लेटरला दोष देऊ नका, होजमधला व्हॉल्व्ह गेला आहे.

ओ-रिंगला, म्हणजे सांधे हवाबंद करणाऱ्या रबरी कड्याला, सिलिकॉन ग्रीस, तेही रिंग चमकेल इतकंच. व्हॅसलीन काही जातीचं रबर फुगवतं, खोबरेल तेल खवट होऊन चिकट होतं. ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनशी संबंध येणाऱ्या भागांना ऑक्सिजनसाठीचंच ग्रीस.

कापडाला भोक सापडलंच, तर भोवती पेन्सिलनं गोल करा, धुवून पूर्ण वाळवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि जॅकेट सपाट, रिकामं ठेवा. ॲक्वासीलसारखा युरेथेन चिकटपदार्थ भोकाच्या बाहेर एक सेंटिमीटरपर्यंत पातळ पसरा आणि २४ तास हलवू नका. हा पदार्थ हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो, म्हणून उघडलेली ट्यूब कोकणात चटकन दगड होते. झाकण गच्च लावून फ्रीजरमध्ये ठेवा. फेविक्विक आणि एम-सील कडक होतात आणि पहिल्याच घडीला तडकतात. बाथरूमचं सिलिकॉन कापडाला नीट धरत नाही, आणि त्यावर पुढं दुसरं काही चिकटतही नाही. सायकलचं पंक्चर सोल्युशन रबरासाठी आहे, या थरासाठी नाही. वेल्ड केलेली शिवणच उसवली असेल तर ब्लॅडर बदला, ट्यूब फुकट घालवू नका.

टाकी अडकवलेलं जॅकेट इन्फ्लेटरच्या नळीला धरून उचलू नका. एल्बो तिथूनच फुटतो, आणि खांद्याचा डंप नळी ओढून चालत असेल तर आतली तारही ताणली जाते. झिप टाय काळाच घ्या, पांढरा उन्हात लवकर ठिसूळ होतो. कापलेलं टोक नखानं चाचपा, बोचत असेल तर कानसीनं घासा. टाकीचा पट्टा आवळण्याआधी भिजवा. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, आणि बोटीवर घट्ट वाटलेली टाकी पाण्यात सरकते.

पावसाळ्यात तीन महिने जॅकेट कपाटात जातं तेव्हा थोडं फुगवूनच ठेवा, म्हणजे आतल्या बाजू एकमेकींना चिकटणार नाहीत. रुंद हँगर, कोरडी जागा, उन्हापासून आणि उंदरांपासून दूर. पहिल्या डाइव्हच्या आठवडाभर आधी रात्रभराची गळतीची आणि दहा मिनिटांची इन्फ्लेटरची, दोन्ही चाचण्या करा. आदल्या रात्री केल्या तर सुटा भाग मागवायला वेळ उरत नाही. आणि सर्व्हिसला देताना नुसतं "गळतंय" म्हणून देऊ नका : कुठून, होज लावलेली असताना की काढलेली असताना, किती वेळात, एवढं चिठ्ठीवर लिहून पट्ट्याला बांधा.