आधी शहर, मग जंगल, शेवटी समुद्र

नमस्कार, नाशिककर श्रोतेहो.

लग्न ठरलं की हॉल, केटरर, पत्रिका हे सगळं मोठी माणसं बघतात. हनिमूनचं तेवढं पोरांवर सोडलेलं असतं, आणि पोरं मोबाईलमध्ये बघून ठरवतात. हल्ली त्यात केनियाचं नाव फार ऐकू येतं. शहर, जंगल आणि समुद्र, तिन्ही एकाच सहलीत. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, साधारण सहा तासांचं. तिथलं घड्याळ आपल्यामागे अडीच तास.

जाणार असाल तर क्रम लक्षात ठेवा. आधी शहर, मग जंगल, शेवटी समुद्र. पुन्हा सांगते: आधी शहर, मग जंगल, शेवटी समुद्र. सफारी म्हणजे आराम नव्हे. पहाटे उठायचं, उजाडताना गाडीत बसायचं आणि दिवसभर धूळ खायची. आधीच लग्नाची जागरणं झालेली. समुद्रावर लोळायचे दिवस सुरुवातीलाच संपवले, तर घरी परतताना दोघंही एकमेकांवर खेकसत येतात.

नैरोबीला दोन दिवस पुष्कळ झाले. शहराला खेटूनच नॅशनल पार्क आहे, १९४६ सालचं. जिराफ चरतायत आणि मागे उंच इमारती, असा फोटो तिथेच मिळतो. हत्तीच्या अनाथ पिल्लांचं संगोपन केंद्रही बघा. सकाळी अकराच्या सुमाराला तासभरच उघडं असतं, म्हणून बुकिंग आधी करा. फोटोवरून आठवलं. गोदाघाटावर पहाटे लोक स्नानाला येतात आणि या लग्न ठरलेल्या पोरांची प्री-वेडिंगची ड्रोन डोक्यावर घोंघावत असतात. लग्नाआधीच सगळे फोटो काढून झाले, तर लग्नानंतर काढायचं काय? असो.

तर नैरोबीहून मासाई मारा, म्हणजे सफारीचं जंगल. रस्त्याने पाच-सहा तास लागतात. नाहीतर विल्सन नावाच्या छोट्या विमानतळावरून बारा-तेरा सीटचं विमान पाऊण तासात नेतं. आणि इथेच आमच्या भाचीची गंमत झाली.

मुलगी आणि जावई दोघंही नाशिकचेच. लग्न मे महिन्यात झालं. मंगळागौर झाली, गौरी-गणपती झाले आणि मग दोघं निघाले. माझ्या ताईने, म्हणजे मुलीच्या आईने, बॅग भरून दिली. बॅग म्हणजे रुखवतातली ती मोठी, टणक सुटकेस. आत बेसनाचे लाडू, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. जावयाचा रिसेप्शनचा कोट. विल्सनच्या काउंटरवरच्या बाईंनी सुटकेसवर बोटाने टकटक केलं आणि मान हलवली. छोट्या विमानात माणशी पंधरा किलो, हातातली पर्स धरून, आणि बॅग मऊच पाहिजे. विमानाच्या पोटात जागाच एवढीशी, टणक बॅग शिरत नाही. एजंटाने हे कागदावर लिहिलेलं होतं म्हणे, पण लग्नघरात कागद वाचतो कोण? शेवटी येवल्याच्या पैठणीच्या दुकानातून मिळालेल्या दोन कापडी पिशव्या कामाला आल्या. कोट की लाडू असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा आमची मुलगी म्हणाली, "कोट राहू द्या." कोट सुटकेसमध्ये, सुटकेस नैरोबीला एजंटाच्या ऑफिसात, आणि लाडू विमानात.

माराला तंबूत राहायचं होतं. तंबू म्हणजे आत पलंग, न्हाणीघर, सगळं. सूचना एकच, बाहेर पडताना चेन पूर्ण लावा. पहाटेच्या घाईत ती वीतभर उघडी राहिली. सिंह बघून दोघं खुशीत परतली, तर तंबूच्या पायरीवर काळ्या तोंडाचं करडं माकड बसलेलं, दोन्ही हातांत लाडू. शेजारी पिल्लू, त्याच्याही हातात लाडू. येवल्याची पिशवी उलटी पडलेली. जावई ओरडले, "हाड! हाड!" आता त्या माकडाला मराठी काय कळणार? त्याने शांतपणे हातातला संपवला. तिथल्या मासाई जमातीचा रखवालदार काठी आपटत आला, तेव्हा कुठे स्वारी झाडावर गेली. अहो, वणीच्या गडावर प्रसादाची पिशवी छातीशी धरून चढणारी ही माणसं, आणि केनियात जाऊन लुटली गेली!

रात्री फोनवर मुलगी म्हणाली, "आई, माकडांनी लाडू संपवले. चिवडा मात्र वास घेऊन टाकून दिला." पलीकडे ताई एकदम गप्प. मग म्हणाली, "का गं, तिखट जास्त झालं होतं का?"

तेव्हा श्रोतेहो, मऊ बॅग आणि पंधरा किलो. मऊ बॅग आणि पंधरा किलो. आणि खाण्याचं डब्यात, घट्ट झाकणाच्या. माकडांना हौसेने खायला घालू नका. त्यांना चटक लागली की ती पुढच्या पाहुण्यांच्या अंगावर येतात.

बाकी जंगलाचं थोडक्यात. विल्डबीस्टचे, म्हणजे गाईएवढ्या शिंगवाल्या हरणांचे, कळप शेजारच्या टांझानियातून माराला येतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबर. नदी ओलांडताना मगरी टपलेल्या असतात, ते बघायलाच जगभरची गर्दी. पण त्याच जुलैपासून पार्कचं शुल्कही दुप्पट, माणशी दिवसाला १०० डॉलरचे २०० होतात. बिबट्या दिसला नाही तर हळहळू नका. आपल्या निफाडला तो उसात फुकट दिसतो, आणि ज्यांना बघायचा नसतो नेमका त्यांनाच दिसतो.

मग समुद्र. मोंबासा या बंदराच्या शहराच्या दक्षिणेला डायनीचा किनारा, पांढरी वाळू, पुढे प्रवाळाची भिंत. माराहून छोटं विमान थेट जवळ उतरवतं. तिथेही तेच पंधरा किलो बरं का. जून-जुलैत वारा जोराचा असतो आणि शेवाळ किनाऱ्यावर येतं. मार्च ते मे मोठा पाऊस. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. हॉटेलात भरती-ओहोटीच्या वेळा विचारून घ्या. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की पोहायला भरतीची वाट बघावी लागते.

जेवणाची काळजी नको, चपाती आणि दूध घालून उकळलेला चहा तिथे घरोघरी आहे. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, त्या घरीच ठेवा. ऑनलाइन प्रवास-परवाना निघण्याआधी काढायचा. आणि पीतज्वराची लस, तीही सरकारमान्य केंद्रातच, निघण्याच्या किमान १० दिवस आधी. परतताना मुंबईला तिचं पिवळं कार्ड मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते, तेव्हा कार्ड पासपोर्टच्या कव्हरातच राहू द्या.

नमस्कार.