इंजिनिअरिंगमधली नीतिमत्ता शिकवायची तर मागाच्या कारखान्यात चला

नमस्कार. तिसऱ्या वर्षाला शिकवणाऱ्या प्राध्यापकांसाठी आजचा व्हिडिओ आहे.

'तंत्रज्ञान आणि समाज' म्हटलं की आपण भोपाळ १९८४ सांगतो, चॅलेंजर अंतराळयानाचा १९८६ चा अपघात सांगतो. दोन्ही सांगायलाच हवं. पण तिथले निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेतले होते, त्यामुळे ऐकणाऱ्या मुलांच्या अंगाला काही लागत नाही. मुलांच्या स्वतःच्या ड्रॉइंगमध्ये नीतिमत्तेचा प्रश्न आला पाहिजे. सोलापुरात त्यासाठी लांब जायला नको, पूर्व भागात यंत्रमाग आहेत.

मेकॅट्रॉनिक्सच्या चौघांच्या गटाला हे काम द्या: बाणा, म्हणजे कापडातला आडवा धागा, तुटला की माग आपोआप थांबवायचा. सेन्सर, कंट्रोलर, रिले. अवघड काही नाही. मग विचारा, कामगाराची मजुरी कशावर ठरते? ती नगावर असेल, तर हे गणित फळ्यावर मांडा.

[पडद्यावर: ४० × १.५ = ६० मिनिटं]

समजा ऑप्टिकल सेन्सरवर कापसाचे तंतू बसले आणि बाणा शाबूत असताना प्रत्येक माग पाळीत ४० वेळा थांबला. पुन्हा चालू करायला दीड मिनिट. १२ तासांच्या पाळीतला एक तास गेला, म्हणजे मजुरीतले ८.३ टक्के. मालकाचं कापड सदोष होण्यापासून वाचलं, त्याची किंमत कामगाराने भरली. असा सेन्सर फार दिवस टिकत नाही, कुणीतरी त्याची वायर काढून ठेवतो. मुलं म्हणतात, 'कामगारांना समजत नाही.' तेव्हा त्यांना हेच गणित पुन्हा करायला लावा. पाळीला किती खोटे थांबे चालतील, हा आकडा सेन्सर निवडायच्या आधी ठरला पाहिजे, आणि तो ठरवताना कामगार समोर हवा.

आता त्याला भेटायचं कसं? बहुतेक गट इथेच चुकतात. कारखान्याचं दार मालक उघडतो, म्हणून मुलं त्याच्यासमोरच कामगाराला प्रश्न विचारतात आणि 'सगळं चांगलं आहे' असं लिहून आणतात. परवानगी मालकाची घ्या, पण बोलणं पाळी सुटल्यावर, चहाच्या टपरीवर करा. अनेकांच्या घरची भाषा तेलुगू आहे, तेव्हा गटात तेलुगू बोलणारा एक तरी असू द्या. नाव लिहायचं नाही, फोटो काढायचा नाही. मागासाठी धाग्याची कांडी भरणाऱ्या बायकांनाही विचारा, कुणाशी बोलायचं या यादीतून त्या हमखास सुटतात.

कारखान्यात माग चालू असताना आवाजही मोजा. मीटर 'ए' वेटिंगवर (माणसाच्या कानाला जाणवतो तसा आवाज मोजणारं सेटिंग), कामगाराच्या कानाच्या उंचीवर, तीन जागी पाच-पाच मिनिटं. मोबाइल ॲपवर विसंबू नका, आधी ते कॉलेजच्या मीटरशी ताडून बघा. इथे एक चूक ठरलेली: ९० आणि १०० डेसिबलची सरासरी मुलं ९५ काढतात. दोन्हीचा वेळ सारखा असेल तर ऊर्जेने सरासरी ९७.४ येते. आपल्याकडच्या कारखाना नियमांत ९० डेसिबलमध्ये दिवसाला जास्तीत जास्त ८ तास काम चालतं, ९५ ला ४, १०० ला २. म्हणजे ९५ डेसिबलमध्ये १२ तासांची पाळी मर्यादेच्या तिप्पट झाली.

गुणांचं सांगतो. ५० पैकी १५ गुण एकाच गोष्टीला ठेवा: कामगाराशी बोलल्यावर डिझाइनमधला कुठला निर्णय बदलला? आधीचं ड्रॉइंग आणि नंतरचं, दोन्ही जोडायची. बदल नसेल तर का नाही, हे आकड्यांनी दाखवायचं. नुसता निबंध आला तर १५ पैकी शून्य.