हातभर अंतराचा हिशोब

(दृश्य: वरळीचा खडकाळ किनारा. उधाणाची ओहोटी. कालवं काढणाऱ्या बायका.)

निवेदन:
अमावस्या-पौर्णिमेच्या ओहोटीला इथलं पाणी लांब मागे जातं आणि खडक उघडे पडतात. या खडकाला चिकटलेल्या कालवाला जन्मभर जागचं हलता येत नाही. तरी त्याचा वंश चालतो, कारण नर-मादी आपापलं बीज थेट पाण्यात सोडतात. शेजारचा बार्नॅकल, म्हणजे खडकाला चिकटून कवचात राहणारा छोटा प्राणी, मात्र पाण्यावर एवढा भरवसा टाकत नाही. अंगाच्या कितीतरी पट लांब लिंग बाहेर काढून तो थेट शेजाऱ्याचं घर गाठतो.

पाण्यावर भरवसा टाकणाऱ्यांत सर्वाधिक अभ्यास झाला तो सी अर्चिनचा, म्हणजे काटेरी चेंडूसारख्या समुद्री प्राण्याचा. १८७६ साली ऑस्कर हर्टविग या जर्मन शास्त्रज्ञाला भूमध्य समुद्रातल्या सी अर्चिनच्या अंड्यात शुक्राणूचं आणि अंड्याचं अशी दोन केंद्रकं एक होताना, म्हणजे फलन होताना दिसली. पण ते झालं सूक्ष्मदर्शकाखाली, थेंबभर पाण्यात. खुल्या समुद्रात हे जमतं कसं?

(दृश्य: नराच्या पाठीवरून पाण्यात पसरणारे पांढरे शुक्राणू.)

नराच्या शरीरात शुक्राणू दाटीवाटीने, जवळजवळ निपचित असतात. समुद्राचं पाणी लागलं की ते जागे होतात आणि तिथूनच त्यांचं आयुष्य सरायला लागतं. दाट असतील तर ते बराच काळ टिकतात. पातळ झाले की काही मिनिटांतच दम संपतो. म्हणजे लांबच्या अंड्याला दुहेरी फटका. पोचतात थोडे, आणि तेही थकलेले.

म्हणून समुद्रातल्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसली. नर हातभर अंतरावर असेल तर बहुतेक अंडी फळतात. तो काही मीटर दूर गेला की फलन कोसळतं. नर कितीही जोमदार असो, प्रवाह त्याचं बीज विरवून टाकतो. पाणी अगदी स्थिर असूनही चालत नाही, थोडं ढवळावं लागतं. पण लाटांचा मारा झाला की सगळं वाहून जातं.

अंडंही नुसतं वाट बघत नाही. त्याच्याभोवतीच्या जेलीतून सुटणारी रसायनं शुक्राणूला दिशा दाखवतात. शुक्राणूच्या टोकावरचं बाइंडिन नावाचं प्रथिन आपल्या जातीचं अंडं ओळखायला मदत करतं. अंडं मोठं असेल तर धडक बसण्याची शक्यताही वाढते.

आणि गर्दी जास्त झाली तर? एका अंड्यात दोन शुक्राणू शिरले की गर्भाची वाढ बिघडते. पहिला शिरताच क्षणात अंड्याच्या पटलावरचा विद्युतभार पालटतो, आणि मिनिटभरात भोवती आवरण उभं राहतं. दार बंद.

वेळ साधण्याचे मार्गही जातीजातींचे वेगळे. १९२० च्या दशकात सुएझच्या लांब काट्यांच्या अर्चिनमध्ये चांद्रमासाशी जुळणारं चक्र आढळलं; उत्तरेकडच्या थंड समुद्रातला हिरवा अर्चिन वनस्पती-प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा, बहर आला की बीज सोडतो. माझ्या मते, तिथीवर भरती-ओहोटीचा हिशोब ठेवणाऱ्या कोळीवाड्यात चंद्राची ही बाब कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.

(दृश्य: पावसाळा. खाडीच्या तोंडाशी गढूळ पाणी.)

पावसाळ्यात मिठी नदी आणि खाड्यांचं गोडं पाणी मिसळून मुंबईच्या किनाऱ्यालगतचा खारटपणा उतरतो. अर्चिनला अंगातला क्षार सांभाळता येत नाही, आणि खारटपणा फार उतरला की त्याचे शुक्राणूही नीट पोहत नाहीत.

अंतराची सगळ्यात मोठी किंमत कॅरिबियन समुद्राने मोजली. १९८३ मध्ये पनामाजवळ सुरू झालेल्या मरतुकीत काळे, लांब काट्यांचे डायडेमा अर्चिन वर्षभरात ९० टक्क्यांहून जास्त मेले. उरलेले इतके विखुरले की सोडलेलं बीज एकमेकांना भेटेना. पुढची कित्येक दशकं संख्या न सावरण्याचं हे एक प्रमुख कारण मानलं जातं. २०२२ मध्ये पुन्हा मरतूक आली. या वेळी कारणीभूत सूक्ष्मजीव सापडला. आता फ्लोरिडा आणि पोर्तो रिकोत टाकीत वाढवलेले अर्चिन प्रवाळांवर सोडले जातात. टाकीत फलनाची चिंता नसते, भांड्यात दोन्ही बीजं एकत्र केली की झालं. समुद्रात सोडल्यावर मात्र त्यांना पुढची पिढी द्यायची असेल, तर शेजारी हातभर अंतरावर लागतो.