करडाची पापणी बघा

नमस्कार, शेळीपालक बंधू-भगिनींनो.

भाद्रपदातली गोष्ट. दवाखान्याच्या ओट्यावर एक ताई तीन महिन्यांचं उस्मानाबादी करडू पदराखाली घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, हगवण नाही, ताप नाही, काल सांजेपर्यंत उड्या मारत होतं. आज उठत नाही." त्याच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत होती. मी खालची पापणी ओढून बघितली, तर आतून कागदासारखी पांढरी.

हे हिमॉन्कस जंताचं काम. शेळीच्या चौथ्या पोटात राहणारा, दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा हा जंत रक्तावरच जगतो. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलिलिटर रक्त घालवतो. हजार जंत असले की 50 मिलिलिटर झालं. आणि दहा किलोच्या करडाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं पाऊण लिटरच्या आसपास!

मग ते इतके दिवस उड्या कसं मारत होतं? तांबड्या पेशी हाडाच्या पोकळीतल्या मज्जेत तयार होतात. रक्त घटायला लागलं की मज्जा जादा जोमानं कामाला लागते आणि तूट भरत राहते. त्यासाठी तिला लोह लागतं, प्रथिनं लागतात, आणि तीच रक्ताबरोबर जंताच्या वाटेनं जात असतात. करडाचा साठा तो केवढा! तो संपला की मज्जा थकते, आणि आपल्याला वाटतं, करडू एका रात्रीत आजारी पडलं.

म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला पापण्या बघा, उजेडात बघा. लालसर असेल तर ठीक. फिकट दिसली तर लेंड्या घेऊन दवाखाना गाठा. औषधाचा डोस वजन करूनच ठरवून घ्या. अंदाजानं कमी पाजलं की जंत त्या औषधाला सरावतात. दव असताना जंतांची पिल्लं गवताच्या पात्यावर चढतात, तेव्हा ऊन पडल्यावरच चरायला सोडा.

औषधानं जंत मरतात, गेलेलं रक्त मात्र मज्जेलाच पुन्हा तयार करावं लागतं. तिला शेवरीचा, सुबाभळीचा पाला द्या, मूठभर शेंगदाणा पेंड द्या. आणि असं करडू कळपामागं पळवू नका, त्या धापेनंच ते दगावतं.

ताईंनी त्यांचं करडू महिनाभर घरीच बांधून पाला खाऊ घातला. चौथ्या आठवड्यात पापणीला गुलाबी झाक आली.