रात्री तीनची छपाई

[दृश्य: ठाणे-बेलापूर रस्ता, रात्र. तुर्भ्याजवळच्या एका हॉटेलची लॉबी. आतून प्रिंटरचा आवाज.]

रात्रीचे तीन वाजलेत. रस्त्यावर ट्रक तेवढे धावताहेत. एमआयडीसीत कामासाठी आलेले पाहुणे झोपलेत आणि रिसेप्शनमागच्या खोलीत नाइट ऑडिट चाललंय. खोल्यांचं भाडं बिलांवर चढवायचं, हिशेब जुळवायचा, सिस्टीममधली तारीख पुढे सरकवायची. मग छापायचं: मुक्कामी पाहुण्यांची यादी, उद्या येणारे, उद्या जाणारे. सिस्टीम बसलीच, तर हाताशी कागद असावा म्हणून.

नाव, खोली, कंपनी, दर, मुक्काम. रकाने पाचच. पण कुठल्या कंपनीला खोली कितीला दिली, हे त्यावरून शेजारच्या हॉटेलाला कळतं. आणि एकटी उतरलेली बाई कुठल्या मजल्यावर आहे, हे तो कागद ज्याच्या हाती पडेल त्याला.

[दृश्य: हॉटेलच्या दर्शनी भागावरची उजळलेली पाटी.]

फ्रँचायझी हॉटेलात पाटी ब्रँडची, इमारत स्थानिक मालकाची, नोकरमाणसं बहुधा मालकाच्याच पगारावर आणि बुकिंगची यंत्रणा पुन्हा ब्रँडची. पाहुण्याचं लॉयल्टी खातं ब्रँडकडे, त्याचं बिल मालकाकडे. करारात गोपनीयतेचं कलम असतंच, पण सही असते ती ब्रँडची आणि मालकाची. रात्रपाळीच्या मुलानं ते कलम पाहिलेलं नसतं. ट्रॅव्हल डेस्कचा ठेकेदार तर त्या करारात कुठेच नाही. म्हणून मालकानं प्रत्येक कर्मचाऱ्याकडून आणि ठेकेदाराकडून वेगळं हमीपत्र घ्यायचं. आणि त्यात 'सर्व माहिती गोपनीय' असं मोघम लिहायचं नाही. पाहुण्यांच्या याद्या, कंपन्यांचे ठरलेले दर, ब्रँडची कार्यपुस्तिका, मालकाचे उत्पन्नाचे आकडे, असं नाव घेऊन लिहायचं.

एका हॉटेलातली ढिलाई साखळीभर कशी पसरते, याचं विंडहॅम या अमेरिकन हॉटेल-साखळीइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. २००८ आणि २००९ या दोन वर्षांत हल्लेखोर तिच्या संगणकांत तीनदा शिरले. पहिल्यांदा वाट मिळाली ती अमेरिकेतल्या फिनिक्स शहरातल्या एका हॉटेलच्या नेटवर्कमधून. तिथून कंपनीचं मुख्य नेटवर्क, तिथून इतर हॉटेलं. फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या ग्राहक-संरक्षण यंत्रणेच्या तक्रारीनुसार ६ लाख १९ हजारांहून जास्त कार्डांची माहिती गेली. त्याच तक्रारीत आणखी एक बाब आहे: मायक्रोस कंपनीनं बनवलेल्या एका हॉटेल-सिस्टीमचं युजरनेम होतं 'मायक्रोस', आणि पासवर्डही 'मायक्रोस'.

मॅरियट या दुसऱ्या हॉटेल-साखळीचं २०२० मधलं प्रकरण वेगळं. तिथे कुलूप फोडावं लागलंच नाही. एका फ्रँचायझी हॉटेलातल्या दोन कर्मचाऱ्यांची लॉगइन वापरून ५२ लाखांपर्यंत पाहुण्यांची माहिती पाहिली गेली असावी, असं कंपनीनं जाहीर केलं. दोन लॉगइन, बस्स.

[दृश्य: रिसेप्शनचा काउंटर. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी.]

तेव्हा सुरुवात पासवर्ड लिहिलेल्या त्या चिठ्ठीपासून. शिफ्टमधल्या चौघांत मिळून एकच लॉगइन असेल, तर रात्री अडीचला कंपन्यांचे दर कोणी उघडून पाहिले हे कधीच सिद्ध होत नाही. ज्याचं लॉगइन त्याचंच, आणि सोबत ओळखीचा दुसरा पुरावा म्हणून मोबाइलवरचा कोड. माणूस नोकरी सोडतो त्याच दिवशी, हिशेबाचा चेक हाती देण्याआधी, लॉगइन बंद. फसगत होते ती बदलीत. वाशीतून ऐरोलीला त्याच ब्रँडच्या दुसऱ्या हॉटेलात गेलेला माणूस ब्रँडच्या यंत्रणेत चालूच राहतो, आणि वाशीचे आकडे त्याला ऐरोलीत दिसत राहतात.

'हेड ऑफिसच्या आयटीमधून बोलतोय' हा फसवा फोन नेमका रात्री येतो, मॅनेजर घरी असताना. फोन ठेवायचा आणि आपल्याकडच्या छापील यादीतल्या नंबरावर स्वतः लावायचा. समोरचा चिडला तरी चालेल.

[दृश्य: की-कार्डच्या पाकिटावर पेनानं लिहिलेला खोली क्रमांक.]

खोलीचा नंबर मोठ्यानं उच्चारायचा नाही. पाकिटावर लिहून बोटानं दाखवायचा. बाहेरून कोणी विचारलं तर फोन जोडून द्यायचा, नंबर सांगायचा नाही. हाउसकीपिंगच्या कागदावर नावं कशाला हवीत? खोली आणि तिची स्थिती, एवढं पुरतं. नाश्त्याच्या यादीचंही तेच. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झालीत. विमान कंपनीचे कर्मचारी उतरतात त्या हॉटेलात पिकअपच्या वेळा आणि नावांचा तक्ता ड्रायव्हरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची सवय लागली, तर तो तक्ता परत घेता येत नाही.

आधारची प्रत घ्यायचीच असेल तर मास्क्ड आधार मागावं; त्यात पहिले ८ आकडे झाकलेले असतात. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत सरकारी पोर्टलवर भरावी लागते. त्यासाठी पासपोर्टचा फोटो कुणाच्या खासगी मोबाइलमध्ये राहायची गरज नाही. पैसे घेण्यासाठी क्रेडिट किंवा डेबिट कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवणं तर थेट नियमबाह्य वळणावर नेतं. मागचा तीन आकडी क्रमांक व्यवहार मंजूर झाल्यावर कुठल्याही रूपात साठवायला पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत मनाई आहे. पेमेंट लिंक पाठवावी.

आणि तो रात्रीचा कागद? नवी यादी छापली की जुनी श्रेडरमध्ये, रद्दीच्या गोणीत नाही. लांब पट्ट्या काढणारं स्वस्त मशीन घेऊ नये, पट्ट्या जुळवता येतात. पी-४ या सुरक्षा-दर्जाच्या श्रेडरमध्ये तुकडा १६० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा निघत नाही. भाड्यानं घेतलेला कॉपियर परत करतानाही जपावं, आत डिस्क असेल तर त्यात स्कॅन उरलेले असतात.

[दृश्य: सर्व्हर रूम. नेटवर्कची केबल काढणारा हात.]

घुसखोरीची शंका आली तर मशीनची केबल काढायची. मशीन बंद करायचं नाही, फॉरमॅट तर मुळीच नाही, मेमरीतला पुरावा जातो. प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवायचं, हा २०२२ चा आदेश. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंड आहे. कळवायचं कोणी, ब्रँडनं की मालकानं, हे करारात आधी ठरलेलं नसेल तर परदेशातल्या मुख्यालयाच्या उत्तराची वाट बघण्यातच ते ६ तास जातात.

[दृश्य: दिवस. क्रेन पाटी उतरवते आहे.]

करार संपतो तेव्हा पाटी पहिल्याच दिवशी उतरते. कार्यपुस्तिका परत, लॉयल्टीची यंत्रणा बंद, ब्रँडचे ईमेल बंद. जीएसटीच्या नोंदी मात्र मालकाला वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्याच लागतात, आणि त्यात पाहुण्यांची नावं असतातच. त्या नोंदी वेगळ्या काढून बाकीचं पुसायचं. बॅक ऑफिसच्या कपाटातली बॅकअप डिस्क हस्तांतराच्या यादीत अनुक्रमांकासह असावी. पुसल्याची तारीख आणि दोन्ही बाजूंच्या सह्या तिच्यासमोरच्या रकान्यात.